फुलांची पिशवी गुरुवारी बाहेर काढणे

मी, सिरिल टॅपसेल, वय वर्षे एकोणऐंशी, पूर्वीचा धंदा बिअरमध्ये घालायची हॉपची फुलं भट्टीवर वाळवण्याचा, राहणार फॅवरशॅमजवळ, परगणा केंट, आज बुधवारी लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. हातपाय नाहीत, पण त्यांची अट कायद्यात नाही. डॉक्टरांनी रविवारपर्यंतचा अंदाज दिला आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखंही काही नाही.

१. घर कौन्सिलचं आहे, मी भाडेकरू. त्यांनी ते परत घ्यावं आणि न्हाणीघराचं गळकं छत, ज्यासाठी मी नऊ अर्ज केले, निदान पुढच्या माणसासाठी नीट करावं.

२. बँकेतली सगळी शिल्लक, आणि या कागदात दुसऱ्या कुणाला न मिळणारं सगळं, मुलगी हेझल हिला द्यावं. मुलगा ग्रॅहम याला काही देऊ नये. मृत्युपत्र नसेल तर निम्मं त्याला जातं, म्हणून हा खटाटोप.

कारण लिहितो. ग्रॅहमच्या लग्नासाठी मी साठ बाटल्या बिअर करायला घेतली होती. बिअर आंबून शांत झाली की वाळलेल्या हॉपची फुलं कापडी पिशवीत बांधून मी चार दिवस तीत सोडतो. वास येतो तो त्याने. पण फुलं पडली की निजलेलं यीस्ट पुन्हा जागं होतं आणि वायू सोडायला लागतं. म्हणून पिशवी काढल्यावर उरलेली साखर दाखवणारा काचेचा काटा बिअरमध्ये तरंगत ठेवायचा आणि तो दोन दिवस एकाच खुणेवर राहीपर्यंत बाटल्यांना हात लावायचा नाही, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. बिअर नितळ करायला मी माशाच्या फुग्याची पूड घातली, गाळ तळाला बसला, आणि ग्रॅहम रोज येऊन म्हणायचा, "बाबा, काचेसारखी नितळ झालीय, भरा की आता. लग्नात काय पाण्याचे पेले फिरवू?" मी काटा न बघता भरली. वर रिवाजाप्रमाणे फेसासाठी बाटलीमागे साखर घातली. लग्नाच्या आदल्या दिवशी हेझल बाटल्यांना रिबिनी बांधत होती. एक फुटली. तिचा डावा डोळा गेला.

चोवीस वर्षं मी ग्रॅहमला दोष दिला. काटा तर माझ्याच खिशात होता. तरी पैसे हेझललाच जावेत, कारण डोळा तिचा गेला.

३. हेझलसाठी. इस्पितळात तू मला एका शब्दाने बोलली नाहीस. बोललीस ती पुढच्या महिन्यात, ओट्यावर बिअरची नवी बादली चढलेली पाहून. "डोळ्याचं सोडा, बाबा. अपघात म्हणेन मी त्याला. पण तुमचा हात थांबला नाही, त्याला काय म्हणू?" हात पुढेही थांबला नाही. दुसरं काही मला येतच नव्हतं. मी चुकलो. तू दोन तासांच्या रस्त्यावर राहतेस, आणि एवढं सांगायला मी कधी आलो नाही.

४. बादली, नळी, बुचं बसवायचं यंत्र, काटा आणि कुंपणावरची हॉपची वेल शेजारीण डिलिस क्राउच हिला द्यावी. माझ्याकडे शिकायला लागून तिला सहा वर्षं झाली, एकदाही घाई केली नाही. मी भर म्हटलं की म्हणते, "सिरिल, तू गप बस. मला काटा बघू दे." परसातल्या खोलीत शेवटची बिअर आहे, तीही तिलाच. फुलं रविवारी सोडली आहेत. पिशवी उद्या, गुरुवारी, बाहेर काढावी, चार दिवसांपेक्षा जास्त ठेवली तर गवताची चव येते. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात आणि बिअर तोवर थांबत नाही, हे मला कळतं. तरी लिहिलं.

५. सहीला दोन साक्षीदार एकदम समोर लागतात. एक, घरी मदतीला येणारी डानुता. दुसरा म्हणून पबवाल्याने दोनदा शब्द दिला होता. घरी बिअर करणाऱ्याकडे पबवाला कशाला येतोय? साडेतीन झाले. डानुता चारला जाते ती सोमवारीच येते. उरली डिलिस. आणि कायद्याने साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही.

मी तिला म्हटलं, "तू सही केलीस तर तुझं कलम बाद होईल. सगळं हेझलकडे जाईल, आणि ती बिअर मोरीत ओतून सामान फोडेल."

"आणि नाही केली तर?"

"निम्मे पैसे ग्रॅहमला."

"बादली बाजारात मिळते रे," डिलिस म्हणाली आणि चष्मा शोधायला लागली. "पेन कुठंय?"

म्हणून कलम चार बाद समजावं. जी रोज आली तिला काही नाही, आणि जी येणार नाही तिला सगळं. यापेक्षा बरी वाटणी मला जमली नाही.

वरील सर्व मी वाचून, दोघींच्या समक्ष सही केली.

सिरिल टॅपसेल

साक्षीदार:
१. डानुता विल्क, मदतनीस
२. डिलिस क्राउच, शेजारीण

फॅवरशॅमजवळ, केंट
बुधवार, १४ नोव्हेंबर २०१८