सहा किलोची तांदळाची पिशवी

थोंग्योंग, ७ मार्च

चि. उन्सिल हिला आईचा आशीर्वाद. तू, जावई आणि बाळ बरे असालच. मीही बरी आहे. कालवांचा हंगाम संपत आला. यंदा कालवं बारीक, पण गोड निघाली.

फोनवर माझं तोंड सुटतं, म्हणून लिहिते आहे. तिसरी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, हसू नकोस. त्यातून दोन वर्षं पेन धरलं नव्हतं. धरताच येत नव्हतं.

आता सुरुवात झालीच आहे तर सांगून टाकते. डिसेंबरात तुझ्या बाळंतपणाला निघायची माझी पिशवी भरलेली होती. तुला पाजायच्या सारासाठी समुद्रातलं वाळवलेलं लांबलचक शेवाळ आणलं होतं. बाळंतिणीचं म्हणून दुकानदारानं न दुमडता बांधून दिलं होतं. आदल्या दिवशी अपचनानं पोट गच्च झालं, म्हणून आपल्या जुन्या उपायानं अंगठ्याला दोरा आवळून नखाशी सुई टोचली. लहानपणी तुला टोचायचे तेव्हा तू गल्ली डोक्यावर घ्यायचीस. काळं रक्त आलं, पण दुखलं नाही. पुन्हा टोचली, खोल. पहिल्या बोटाला, मधल्या बोटाला, काही नाही. करंगळीला टोचली तेव्हा "आई गं!" झालं. म्हणजे सुई बोथट नव्हती.

हात रात्री मुंग्यांनी भरायचे, पण मला वाटायचं, गार पाण्यात कालवं फोडून सगळ्यांचंच होतं. त्याच आठवड्यात गरम भाताची वाटी हातून गेली होती. गेली ते आवाज झाल्यावर कळलं.

मग मनात आलं, वाटीच्या जागी बाळ असतं तर?

म्हणून फोन केला, "हंगाम आहे, जमणार नाही." तू विचारलंस, "मुलगी झाली म्हणून ना?" मी फोन ठेवला. तू झालीस तेव्हा तुझ्या आजीनं भिंतीकडे तोंड फिरवलं होतं, हे मीच तुला सांगितलेलं. मग तुला दुसरं काय वाटणार? चूक माझी. पण ओल्या बाळंतिणीला आईचे हात गेले हे कुठे सांगू?

शेजारच्या तेओकच्या आईनं मला ओढत दवाखान्यात नेलं. पूर्वी याच दुखण्यासाठी डॉक्टरांनी तिचा तळहात चिरला होता, अख्खा हंगाम घरी बसली होती, म्हणून मी घाबरत होते. डॉक्टर पोरगेला. म्हणाला, "आई, मनगटातली नस दबली आहे." मी म्हटलं, "तू माझ्या पोटचा नाहीस, नीट सांग." आधी साखरपाण्याची सुई देऊन नस मोकळी करून पाहिली. महिनाभर बरं वाटलं, पुन्हा तेच. मग हात बधिर करून, पडद्यावर आतलं बघत, बारीक अवजारानं नसेवरचा पट्टा कापला. दहा मिनिटं. भोक तांदळाच्या दाण्याएवढं, टाका नाही. दुसरा हात पंधरा दिवसांनी केला. मी विचारलं, "एवढंच?" तो म्हणाला, "एवढ्यासाठी दोन वर्षं थांबलात."

आता अंगठ्याला आणि पहिल्या बोटाला टोचलेलं कळतं. मधलं बोट अजून अर्धं झोपलेलं आहे. डॉक्टर म्हणतो, जागं होईल, वेळ लागेल. खोटं कशाला लिहू?

रोज संध्याकाळी सहा किलो तांदळाची पिशवी दुपट्यात गुंडाळून अंगणात फिरवते. एक हात मानेखाली, एक बुडाखाली. परवा तेओकची आई कुंपणावरून ओरडली, "अगं, तांदळाला ढेकर काढतेस का?" हसू दे तिला. वीस दिवस झाले, पिशवी एकदाही पडली नाही.

२३ तारखेला बाळाचा शंभर दिवसांचा सोहळा, दिवस मी मोजले आहेत. येऊ का? नको असेल तर जावयाला फोन करायला लावू नकोस, स्वतः कर आणि तोंडावर सांग. शेवाळ भिंतीवर तसंच टांगलेलं आहे, एक पातही मोडलेली नाही. सार उशिरा झालं तरी अंगी लागतं.

आणि आले तर बाळाला एकदम माझ्या हातात देऊ नकोस. मी खाली गादीवर बसेन, तू मांडीत ठेव. तुझा हात तिच्याखाली राहू दे. काढायचा कधी, ते तूच ठरव.

कालवं फोडायच्या शेडमध्ये मला नावानं कोणी हाक मारत नाही. तीस वर्षं एकच हाक.

उन्सिलची आई