दोन टोकांची केबल

सोमवार, ४
आलो बाबा एकदाचा. खोली झकास आहे: खिडकी, पलंग, कामाचं टेबल, वर दिवा. काम त्याहून झकास. घरमालकीण काकू घरीच हेडफोनच्या केबली बनवतात, गिऱ्हाईक सांगेल तशा, आणि त्यांना हाताखाली माणूस हवा होता. मुलाखतीत बारीकसारीक आवाज ऐकवून माझे कान तपासले, हातांकडे बघितलंही नाही. तेव्हापासून मला कानसेनच म्हणतात. पलीकडच्या खोलीत त्यांची मुलगी असते, तिला जन्मापासून ऐकू येत नाही. आईला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, जेवत जा वेळेवर. दुसरं काय म्हणणार.

बुधवार, ६
पहिली केबल स्वतःसाठीच करायची, असा काकूंचा हट्ट. जो कानाला लावणार त्यानंच वेणी घालायची, आणि तारेचं टोक पकडीनं नाही, दातांनी सोलायचं. म्हटलं, असेल बाईंचं खूळ. चार तारांची वेणी घातली, टोकांना डाख दिला, वर नळी चढवून गरम हवेनं आवळली. बोट पोळलं ते वेगळंच. गंमत म्हणजे ही केबल कशात खुपसायचीच नाही, दोन्ही टोकांना हेडफोनच. एक माझ्या कानांवर, दुसरा भिंतीतल्या भोकातून पलीकडे पोरीच्या. नळीवर बाणही काढून घेतला, माझ्याकडून तिच्याकडे. मग आवाज येणार कुठून, असं विचारलं तर म्हणाल्या, लावून तर बघ.

शनिवार, ९
काय सांगू. नुसता लावला की अख्खं घर ऐकू येतं. नळाचं ठिबकणं, काकूंच्या चपला, खालच्या रस्त्यावरच्या दोघांचं भांडण. रोज दुपारी तासभर चाचणी म्हणून आम्ही दोघांनी लावून बसायचं. मला तर काढावासाच वाटत नाही. काढल्यावर मात्र कानांत कापूस कोंबल्यासारखं होतं. सर्दी असेल.

बुधवार, १३
सर्दी नाही. डॉक्टरनं कानांत डोकावून सांगितलं, काही अडकलेलं नाही. फोनवर आईला इतक्यांदा 'काय?' विचारलं की ती चिडली. हेडफोन लावला की लख्ख ऐकू येतं, म्हणून आता दिवसभर लावूनच बसतो. आज जेवायला म्हणून काढला होता, तेवढ्यात दाराची घंटा वाजली आणि पोरगी उठून गेली. घंटा वाजल्याचं मला ती उठली तेव्हा कळलं.

शुक्रवार, १५
पोरगी गुणगुणते. ओठ हलताना दिसतात, काकू डोळे पुसत असतात. मला आता हेडफोनमध्येही पुसटच येतं. काकूंना जाब विचारला. त्यांनी कागदावर लिहून दिलं की तुझं पुष्कळ ऐकून झालं, आता तिला ऐकू दे. निघून जाईन, पण कान इथे ठेवून जाऊ कुठे?

रविवार, १७
काहीच नाही. फोन थरथरतो, आईचा फोन. उचलून करू काय. हलकट बाई. इतकं गोड हसते —
पण बाण. केबल उलटी फिरवली तर — पोरगी पुन्हा बहिरी होईल. होऊ दे. माझं होतं ते मला परत हवं.

सोमवार, १८
काकू बाजारात गेल्या तेव्हा फिरवून ठेवली. बाण माझ्याकडे. लावून बसलोय.

तार हलली. पलीकडे कुणीतरी लावला —

येतंय. पंखा. माझा श्वास. पेनची खरखर. रडतोय मी, आणि तेही ऐकू येतंय.

काकू बोलताहेत. कुणाला तरी सांगताहेत की असाच लावून बसा, पोराचा आवाज यातूनच येईल. मग आवाज चढवून, मला ऐकवायला — आल्याआल्याच बाण पाहिला म्हणे. म्हणून स्वतःच्या पोरीला तिथून उठवलं. मी फोन उचलत नाही म्हणून माझी आई आलीच होती दारात, तिला पोरीच्या जागी बसवलं म्हणे.

आईच. तिचा खोकला. म्हणतेय, मला काहीच ऐकू येत नाही रे, जरा मोठ्यानं बोल —

काढायला हवा. कानांवरून उतरवला की थांबेल, एवढंच तर करायचंय.

डावा कान आला. उजवा अजून अर्धाच.

आई हाका मारतेय. किती स्वच्छ येतात तिच्या हाका. काढतो. काढतोच, फक्त उजवा जरा —