तुमच्या सुतकात जेवलेली पंगत

प्रिय जाऊबाई,

‘प्रिय’ लिहायचं माझ्या मनात नव्हतं. पण पत्राला काहीतरी मायना लागतो, आणि तुम्हाला दुसरं काय म्हणायचं ते मला सुचलं नाही.

आपलं बोलणं बंद झालं त्याला किती वर्षं झाली हे मोजायचं मी केव्हाच सोडलं. एका छपराखाली राहिलो, एकाच गिऱ्हाइकावर जगलो, आणि एकमेकींना काही सांगायचं झालं तर मध्ये कामाची भिमाबाई. “धाकल्या बाई, थोरल्या बाईंनी सांगितलंय, आज आट पानं वाढीव हायेत.” आता तुम्ही गेलात. उलट उत्तर द्यायला कुणी उरलं नाही. मनातलं सगळं बोलून घ्यायला याहून चांगली वेळ कोणती? म्हणून आज दुपारची पंगत उठल्यावर दार लावून लिहायला बसले आहे.

आधी एवढं सांगा, मरायला मे महिनाच कसा सापडला हो तुम्हाला? पावसाळ्यात गेला असतात तर खोल्या रिकाम्याच होत्या. पण नाही! सगळ्या खोल्या भरलेल्या, व्हरांड्यात जादा खाटा टाकलेल्या, मुंबईची माणसं लेकराबाळांसकट हवा खायला आलेली, आणि तुम्ही पहाटे डोळे मिटलेत. भिमाबाई रडत आली. “थोरल्या बाई गेल्या वो! हात लावला तर गार लागल्या.” माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? हिने शेवटी माझ्या चुलीला खरंखुरं सुतक लावलंच!

तुम्ही म्हणाल, सगळं सासूबाईंनी करून ठेवलं. थोडं खरं आहे ते. लोणावळ्याच्या स्टेशनबाहेर चार पानं वाढून त्यांनी धंदा सुरू केला, मग एकेक करत खोल्या बांधल्या. विजेची गाडी घाट चढायला लागली त्या सुमारास त्या अंथरुणाला खिळल्या. दोन्ही मुलांना समोर बसवून त्यांनी वाटणी सांगितली. खोल्या थोरल्याच्या, चूल आणि जेवणघर धाकट्याचं. “भांडा किती भांडायचं ते. पण एकीवाचून दुसरीचं चालायचं नाही,” असं म्हणाल्या, आणि ते मुलांकडे बघून नाही, आपल्या दोघींकडे बघून! पुढे धंदा कोण चालवणार आहे हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. केवढी हुशारी वाटली असेल त्यांना स्वतःची!

आणि काही वर्षं चाललंही सुरळीत, खोटं कशाला बोलू? पावसाळ्यात तुमच्या खोल्यांतल्या चादरी माझ्या चुलीवरच्या दांडीवर वाळायच्या. इथल्या पावसात दुसरीकडे कुठे सुकणार? चादरी वाळेपर्यंत तुम्ही पाटावर बसून गिऱ्हाइकांच्या नकला करायचात आणि हसता हसता माझ्या हातातली पोळी तव्यावर करपायची. मला विषमज्वर झाला तेव्हा चूल आणि खोल्या दोन्ही तुम्ही सांभाळलंत, वर माझं डोकं मांडीवर घेऊन बसलात. मी तुम्हाला आईच्या जागी धरलं होतं. तेच तर मला सोसत नाही! परक्या बाईने केलं असतं तर चार शिव्या घालून मी विसरले असते.

त्या दुखण्यातून मी उठले आणि तुमच्या डोळ्यांत चूल भरली. खोल्या घ्या आणि चूल द्या, असा भाऊजींकडून अदलाबदलीचा निरोप आला, मी नाही म्हटलं. पाहुणा झोपायचा तुमच्याकडे, पण जाताना हात जोडायला यायचा माझ्या जेवणघराच्या दारात. हे तुम्हाला खुपायला लागलं होतं. मला दिसत होतं ते. पण तुम्ही त्या थराला जाल असं वाटलं नव्हतं.

असाच मे होता. आमरस-पुरीचा बेत. पंगत गच्च बसली होती, पानात गरम पुरी पडत होती, आणि तुम्ही जेवणघराच्या दारात येऊन उभ्या राहिलात. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, “इंदुरीचे काका गेले. सकाळीच माणूस सांगून गेला. दहा दिवसांचं सुतक आहे आम्हाला. हिला ठाऊक आहे, तरी वाढते आहे.”

मामंजींचे चुलत भाऊ ते, जवळच्या इंदुरी गावातले. सुतक लागणारं नातं, आणि सुतकाच्या घरचं अन्न कोण खातं? माणसं भरल्या पानावरून उठली. गिरगावची एक गरोदर बाई होती, तिने तोंडाशी नेलेला घास परत पानात ठेवला. कुणी विहिरीपाशी जाऊन चुळा भरभरून थुंकत होतं. विष वाढलं होतं का हो मी?

मी तेव्हाच ओरडायला हवं होतं की ही खोटं बोलते आहे. पण मला ते खरंच वाटलं! काका गेले म्हणून मी रसाचं पातेलं खाली ठेवलं आणि मागल्या दारी जाऊन सगळ्यांदेखत डोक्यावरून पाणी घेतलं. झालं! मी आंघोळ केली म्हणजे मला ठाऊकच होतं, असं सगळे समजले. तुमचं खोटं मीच माझ्या अंगावर ओतून घेतलं.

दुसऱ्या दिवशी आमचे हे इंदुरीला रडायला गेले आणि जेवून आले. काका ओट्यावर बसून भाकरी खात होते! तोपर्यंत मुंबईची माणसं गाडीत बसून निघूनही गेली होती. तुम्ही काय म्हणालात? “निरोप आला तसा सांगितला. मेले नाहीत ते बरंच झालं की!” तेच तुमचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

माझं नाव मात्र झालं. सुतकात जेवू घालणारी! पुढे कितीतरी दिवस तुमच्या खोल्यांत झोपलेली माणसं जेवायला स्टेशनपाशी जायची. “बाजारात लय वंगाळ बोलत्यात बाई,” भिमाबाई सांगायची. “मी म्हनलं, आमच्या बाई तसल्या न्हाईत. पन आयकतंय कोन?” माझ्या मालूच्या लग्नाच्या बोलणीतसुद्धा कुणीतरी हळूच तो विषय काढलाच. तुम्ही त्या बैठकीत होतात. पान चघळत गप्प बसलात. एक शब्द बोलला असतात तर काय बिघडलं असतं तुमचं?

गिऱ्हाईक परत यायला फार काळ लागला. दर वर्षी एकेक कुटुंब मी पुन्हा मिळवलं, आणि ते सगळं तुम्ही आता मरून घालवणार होतात! आमचे हे म्हणाले, “चूल बंद ठेवायला हवी. सख्खी वहिनी गेली आहे.” खरं सांगू? मला ते गोडही वाटत होतं. पाळावं दहा दिवसांचं सुतक, अगदी तुमच्या नियमाने. ऐन हंगामात तुमच्या खोल्या रिकाम्या होताना बघाव्यात. माझं नुकसान झालं असतं, पण भाऊजींमागे खोल्या सांभाळणाऱ्या तुमच्या लेकाचं दुप्पट झालं असतं.

आणि तेवढ्यात तुमचा वसंता आला. तुम्हाला अग्नी देऊन तसाच आला होता, ओल्या धोतराने. घरात न येता अंगणात उभा राहिला.

“काकू, पाहुणे सामान बांधायला लागलेत. लढाईमुळे बाहेर कुठे धड जेवण मिळत नाही, इथेही मिळणार नसेल तर ते कशाला थांबतील? तुम्ही चूल पेटवा. सुतक आमचं आम्ही पाळतो.”

“तुझी आई असती तर काय म्हणाली असती रे?”

तो धोतराचा ओला सोगा पिळायला लागला.

“पेटवते,” मी म्हटलं. “पण संध्याकाळी पंगत बसली की तू त्या दारात यायचंस. आणि त्या आमरसाच्या दिवशी इंदुरीहून कोण आलं होतं ते सगळ्यांना सांगायचंस.”

त्याला ठाऊक होतं, जाऊबाई. त्या सकाळी बाहेरच्या दाराशी तोच बसला होता. माझ्याकडे बघत म्हणाला, “काकू, आज?”

“आजच.”

तुम्हाला राग आला असेल. येऊ दे! राख निवली नव्हती तुमची, आणि मी तुमच्या मुलाला तुमच्याविरुद्ध उभा केला. मला त्याची दया आली का? आली थोडी. पण मी त्याला थांबवलं नाही.

संध्याकाळी पानं मांडली. पंगत बसली तशी आधी मी स्वतः सांगितलं, “घरात मयत झालं आहे. माझी थोरली जाऊ गेली. ज्याला हे अन्न चालत नसेल त्याने आत्ताच उठावं, मला राग नाही.” कुणी उठलं नाही. मग वसंता उंबऱ्याबाहेर येऊन उभा राहिला. “त्या दिवशी इंदुरीहून कुणीच आलं नव्हतं. आईने बनवून सांगितलं होतं. काकूंना काही ठाऊक नव्हतं.” एवढं बोलून तो अंगणात निघून गेला.

मी वाट बघत उभी. कसली वाट बघत होते कुणास ठाऊक! माणसं एकमेकांकडे बघायला लागली. कोणता दिवस, कोण इंदुरीचे, त्यांना काय माहीत? बहुतेक नवी माणसं. एका पोराने पापड मागितला. त्या दिवशीचे एकटेच दादरचे मास्तर होते, दर मे महिन्यात येणारे. ते म्हणाले, “अहो बाई, मला तेव्हाच शंका आली होती. तुमचा चेहराच सांगत होता.”

“मग उठलात का?”

“सगळे उठले, म्हणून उठलो.”

त्यांच्या पानावर मी तूप वाढलं नाही. सगळ्यांना वाढलं, त्यांचं पान तेवढं टाळून पुढे गेले. त्यांनी मान खाली घालून तसाच भात कालवला.

पण तुम्ही हे ऐका. कुणीही मेलं नव्हतं तेव्हा माझी पंगत भरल्या पानांवरून उठली होती. आणि तुम्ही खरोखर मेलात त्या संध्याकाळी त्याच जेवणघरात माणसं पोटभर जेवली, भात दुसऱ्यांदा मागून घेतला, ढेकरा दिल्या! तुमचं सुतक एका माणसानेही धरलं नाही. बघत होतात ना कुठून तरी?

आणखी एक गोष्ट तुम्हाला लागेल, म्हणून मुद्दाम सांगते. वसंता निघून गेला तशी त्याची सुमन आत आली. तुमची सून, जिला तुम्ही लग्न झाल्यापासून माझा उंबरा ओलांडू दिला नाहीत. डोळे सुजलेले. पदर खोचला आणि म्हणाली, “काकू, भात मी वाढते.” आणि कसं वाढलं! पानाकडे बघून, माणसाची भूक ओळखून. असा हात शिकवून येत नाही. तेव्हापासून रोज दोन्ही वेळेला येते आहे.

आज सकाळी इंद्रायणीकाठी तुमचा दहावा झाला. आम्ही बायका मागे उभ्या होतो. पिंड मांडला, आणि कावळा काही शिवेना. कावळे होते, झाडावर बसून बघत होते, खाली एक उतरत नव्हता. वसंता हात जोडून म्हणाला, “आई, खोल्या नीट सांभाळीन.” नाही. आमचे हे म्हणाले, “वहिनी, पोरांना अंतर देणार नाही.” नाही. ऊन वर चढलं, गुरुजी घाम पुसायला लागले. मग एकेक करत सगळे माझ्याकडे बघायला लागले.

तुमचा जीव कशात अडकला आहे हे एकट्या मला ठाऊक होतं. चुलीत! मी तेवढं एक वाक्य बोलले असते तर कावळा लगेच झेपावला असता आणि तुम्ही सुखाने गेला असतात. मी ओठ मिटून उभी राहिले. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि आम्ही घरी आलो.

ते वाक्य इथे लिहिते. माझ्यामागे चूल सुमनची. मालू तिच्या घरी सुखात आहे, तिला नको आहे. यांच्याशी बोलून झालं आहे, उद्यापासून सुमन माझ्या शेजारी पाटावर बसेल. खोल्या आणि चूल, सासूबाईंनी तोडलेलं सगळं पुन्हा एका हातात जाईल, आणि तो हात तुमच्या घरचा असेल. जन्मभर तुम्ही हेच मागत होतात ना?

पण हे पत्र मी आत्ता चुलीत घालणार आहे. आणि तुम्हाला वचन देते, जाऊबाई, दर वर्षी तुमच्या श्राद्धाला कावळ्यासाठी पान ठेवतील तेव्हा मी तिथे येईन, सगळ्यांच्या पुढे उभी राहीन, आणि तोंडातून एक अक्षर काढणार नाही.

तुमची धाकटी जाऊ,
गोदा