पाळकसाहेबांच्या पेल्यात माउथ ऑर्गन

शिकागो, सोमवार

माझ्या लाडक्या ओडेलिया मावशीला भाचा ल्यूशसचा वाकून सलाम.

मावशी, गुडघे कसे आहेत? मिसिसिपीत कापूस बरा आलाय ना? मी खुशाल आहे, म्हणजे या ओळीपुरता तरी.

मागे कळवलं होतं ती व्हर्लीन लग्नाला हो म्हणाली. तिचे वडील, पाळक हॉलोवेसाहेब, मात्र ऐकेनात. ब्लूज वाजवणारा म्हणजे सैतानाचा घरजावई, असं त्यांचं ठाम मत. (आठ वर्षं क्लबात वाजवतोय, हा सासरा एकदाही दाद द्यायला आला नाही.) शेवटी म्हणाले, "रविवारी चर्चमध्ये एक भक्तिगीत वाजव. बघू, तुझ्या त्या डबीतून देवाचं काही निघतं का!"

आता आमच्या माउथ ऑर्गनचं पोट लाकडाचं. भिजवलं की लाकूड फुगतं, हवा गळत नाही, आवाज खणखणीत लागतो. क्लबात मी तो व्हिस्कीत बुडवतो (तिथे पाणी मागितलं तर लोक तब्येतीची चौकशी करतात). शनिवारी रात्रभर तो तिच्यातच मुरला होता. काल व्यासपीठावर उभा राहिलो, समोर पाण्याचा पेला दिसला, हात सवयीने गेला. बुडवला, झटकला, वाजवायला लागलो. सुरुवात अगदी देवाची झाली गं! पण दुसऱ्या कडव्यात सूर आपले आपण ब्लूजकडे वळायला लागले आणि पुढच्या बाकावरच्या टॉलिव्हरबाई टोपी सांभाळत नाचायला उठल्या. मेलो, म्हटलं. इतक्यात पाळकसाहेब उपदेशाला उभे राहिले आणि तो पेला गटागटा प्यायले.

अगं, जन्मात थेंब न घेतलेला माणूस! उपदेशात बायबलातल्या नोहाच्या जनावरांनी भरलेल्या तारवावर जे चढले ते उतरायलाच तयार नाहीत. प्रत्येक जनावराचा आवाज काढून दाखवला. आपल्या जुन्या वैऱ्यालासुद्धा मिठी मारली. वर मला म्हणाले, "पोरा, आज देवाने मला आतून पेटवलं. मुलगी तुझी!" मावशी, मी तिथेच रडलो.

तुझा,
ल्यूशस

ता.क. एक अट आहे. लग्नापर्यंत दर शनिवारी संध्याकाळी प्रार्थनासभेत बसायचं. नेमकी क्लबाची वेळ! तुझ्या एमेटला लगेच पाठव. दोघं एका साच्यातून काढल्यासारखे दिसतो.

पुन्हा ता.क. त्याला वाजवता येत नाही, हे मला ठाऊक आहे. क्लबात मीच जाणार. त्याने फक्त मान खाली घालून, डोळे मिटून माझ्या जागी प्रार्थनेला बसायचं.

शेवटचं. लग्नाला मात्र मी स्वतः उभा राहणार आहे, हे त्याला निघण्यापूर्वी नीट बजाव. व्हर्लीन फार देखणी आहे आणि एमेट तुझाच मुलगा असला तरी शेवटी आपल्याच घराण्यातला आहे.