शंतनूचं बोरनहाण आणि आत्याचा खोकला

धार, ८ जानेवारी

चि. सौ. अवंतीस,

अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि. रथसप्तमीला शंतनूचं बोरनहाण ठेवलंस आणि कॉलनीतल्या चार बाळांना आयांसकट बोलावलंस, हे वाचून जीव सुखावला. फोनवर मला धड ऐकू येत नाही, तेव्हा पत्रच लिहीत जा. हिंदी शाळेत शिकलेल्या तुझ्या हाताला मराठीचं वळणही राहील.

मी आदल्या दिवशीच देवासला येते. शंतनूला औक्षण पहिलं मीच करणार, आणि सगळ्या पिल्लांना मांडीवर घेणार. नव्या वर्षापासून जरा खोकला धरलाय. रात्री ढास लागते, पण तो मेला थंडीचा. काढा चालू आहे. काळजी नसावी.

चि. नीलेशरावांना आशीर्वाद. शंतनूला गोड पापा.

तुझी,
इंदिराआत्या


देवास, १२ जानेवारी

ती. इंदिराआत्यास,

अवंतीचा सा. न. वि. वि. हे पत्र तीनदा लिहून फाडलं. रागावू नका, पण खोकला पूर्ण जाईपर्यंत तुम्ही येऊ नका.

वरच्या मजल्यावरच्या किमयाची श्रिया वेळेआधी झाली. अजून इतकीशी आहे, लसीही पूर्ण झालेल्या नाहीत. डॉक्टरांनी बजावलंय की खोकणारं माणूस तिच्याजवळ नको. किमयाचं माहेर लांब, नवरा पीथमपूरला शिफ्टमध्ये. बाळंतपणापासून ती बिचारी खोलीबाहेर पडलेली नाही, एकटीच रडत बसते. आमच्याकडे सगळे धडधाकट असतील असं मी वचन दिलं, तेव्हा कुठे ती यायला तयार झाली. बाकीच्यांनाही सांगितलंय, नाक वाहत असेल तर घरी थांबा, खाऊ मी पोचवीन.

नीलेश म्हणाले की आत्याला असं लिहायची हिंमत फक्त तूच करशील. पेटीत टाकायला मी त्यांनाच पाठवतेय.

लोभ कमी करू नका.

तुमची,
अवंती


धार, १६ जानेवारी

सौ. अवंतीस आशीर्वाद.

पत्र पावलं. तुला न्हाऊमाखू घातलं, कांजिण्यांत रात्ररात्र उशाशी बसले, आणि आता मीच बाळाजवळ नको! तुझ्या वडिलांच्या घरात माझ्याशिवाय एक बारसं झालं नाही. अगं, सर्दीखोकल्याला आजार म्हणायचं तर थंडीत कुणी कुणाच्या घरी जायचंच नाही की काय?

हलव्याचे दागिने शेजारच्या संताजीबरोबर पाठवते. मार्गशीर्षात, खोकल्याच्या आधी केलेत. त्यांना तरी घरात घे.

आणि ऐक. डॉक्टर हर्षितकडून मी ठणठणीत असल्याचा कागद आणते आणि रथसप्तमीला तुझ्या दारात उभी राहते. बघू कोण अडवतं ते.

इंदिरा


देवास, २६ जानेवारी

ती. आत्यास,

सा. न. वि. वि. काल बोरनहाण झालं. सकाळपासून प्रत्येक रिक्षाच्या आवाजाला मी गॅलरीत धावत होते. तुम्ही यावं की येऊ नये, माझं मलाच कळत नव्हतं. आलाच असतात तर दारात तुमच्या पाया पडून परत पाठवायचं ठरवलं होतं. ते मला जमलं असतं का, देव जाणे.

काळ्या झबल्यावर तुमचा मुकुट, हार, बाजूबंद! शंतनू अगदी राजासारखा दिसत होता. त्यानं अर्धी बासरी चाटून संपवली. एका बाळाला सर्दी होती, त्याच्या आजीनं नाक मुरडलं, पण थांबले ते घरीच. किमया श्रियाला दुपट्यात गुंडाळून आली. चुरमुरे अंगावर पडले तशी श्रिया हसली, आत्या. पहिल्यांदाच. किमया आधी रडली, मग हसली, मग दोन प्लेट पोहे खाल्ले तिनं.

औक्षणाच्या वेळी सगळ्या म्हणाल्या, पहिलं मोठ्यांनी करा. मोठं कुणी नव्हतंच. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून आले.

दोन ओळी लिहा. शिव्या दिल्या तरी चालतील.

तुमची,
अवंती


धार, ३० जानेवारी

चि. सौ. अवंतीस,

अनेक, अनेक आशीर्वाद. कागद आणायला गेले होते मी. रथसप्तमीच्या दोन दिवस आधी, पिशवी भरून, तिथूनच बस पकडायच्या तयारीनं. हर्षितला त्याच्या लहानपणापासून ओळखते, म्हणून हुकूमच सोडला की लवकर लिहून दे. तो लिहायचा सोडून माझं खोकणं ऐकत बसला. मग तपासणीला पाठवलं. डांग्या खोकला निघाला.

मोठ्यांना तो नुसता छळतो म्हणाला, पण तेवढ्याशा बाळाचा श्वास कोंडतो. मी खुर्चीतच बसून राहिले गं. मला माझा स्वभाव माहीत आहे. आल्याआल्या मी श्रियालाच उचललं असतं. सगळ्यांत इवलीशी ती ना. छातीशी धरून पटापट पापे घेतले असते.

इतके दिवस लिहिलं नाही ते रागानं नव्हे, लाजेनं. औषधानं आता पुष्कळ उतार आहे. हर्षित हो म्हणेपर्यंत उंबरठा ओलांडणार नाही. किमयाला हे खुशाल सांग. आत्या हट्टी होती, पण भाची तिच्याहून हट्टी निघाली म्हणावं.

अवंती, तुझ्या पाया पडावंसं वाटतंय. पण मी वयानं मोठी, तेव्हा आशीर्वादावरच भागव.

तुझीच,
आत्या