आमचा वाद मिटला आहे, याची कृपया नोंद घ्यावी

प्रति,
मा. समन्वयक,
न्यायालय संलग्न मध्यस्थी केंद्र,
दुसरा मजला, अभिलेख कक्षाशेजारी.

विषय : मिटलेला वाद मिटला असे मानून आईच्या खोलीचे सील काढण्याबाबत.
संदर्भ : आमचे यापूर्वीचे चार अर्ज. (पोच मिळाली, उत्तर नाही.)

महोदय,

मी घड्याळ दुरुस्त करणारा वादी असून प्रतिवादी माझी सख्खी धाकटी बहीण आहे. घराच्या तळमजल्यावरील खोलीवरून आमचे बिनसले आणि कोर्टाने खोलीला सील ठोकले. आमची आई त्याच खोलीत राहत होती. तिला जिना चढवत नाही, त्यामुळे वृद्धाश्रमात ठेवावे लागले. इथवर अक्कल आमचीच गहाण पडली होती, हे कबूल.

प्रकरण आपल्याकडे आले. दुसऱ्या बैठकीला आपले मध्यस्थ दीड तास उशिरा आले. तेवढ्यात बाहेरच्या बाकावर धाकटी म्हणाली, "दादा, पुरे झालं. आईला घरी आणू या." मी म्हणालो, "आणू या." झाले, वाद संपला. हे ऐकून मध्यस्थांचा चेहराच पडला. अशी तडजोड धरता येत नाही, पद्धतीत पाच पायऱ्या आहेत आणि तुम्ही अजून पहिलीवरच आहात, असे त्यांनी समजावले.

पुढे नवे मध्यस्थ घडवण्याचा कार्यक्रम उभारण्यासाठी बाहेरून सल्लागार आले आणि आमचे प्रकरण प्रशिक्षणासाठी 'आदर्श' ठरले. आता दर मंगळवारी शिकाऊ मध्यस्थांची नवी तुकडी भिंतीशी खुर्च्या लावून आम्हांला वहीत उतरवते. आजवर एकूण अकरा बैठका झाल्या. गेल्या खेपेस धाकटीला सांगण्यात आले, "मॅडम, मागच्या वेळी रडलात तसं जरा रडा ना, मंडळी लांबून आलीत." मला टेबलावर हात आपटायला लावले. जोर कमी पडला म्हणून पुन्हा आपटवला. भांडणे मिटवणारे आणि लावणारे दोन्ही पाहिले होते. मिटलेले भांडण उकरून त्याची तालीम घेणारे विद्वान आपल्याच केंद्रात पाहिले.

कोर्टात गेलो की कारकून म्हणतो, फाईल केंद्राकडे. केंद्रात आलो की आपण म्हणता, कार्यक्रम संपेपर्यंत फाईल सुटत नाही. कार्यक्रम कधी संपणार, हे सल्लागारांनाही ठाऊक नाही. त्यांना पायऱ्या तेवढ्या पाठ आहेत.

आई सत्त्याऐंशी वर्षांची आहे. आम्ही भेटायला गेलो की ती आधी खाटेखाली चपला शोधायची. न्यायला आलात ना, म्हणायची. परवा तिने शोधल्या नाहीत. डॉक्टरांनी आम्हांला बाजूला घेऊन सांगितले, फार दिवस नाहीत.

तरी फाईल आजच कोर्टाकडे पाठवावी. तुकड्यांची गैरसोय होत असल्यास आम्ही बहीणभाऊ जन्मभर दर मंगळवारी येऊन आपल्यापुढे भांडून दाखवू. आईला तेवढे तिच्या खोलीत मरू द्या. ती वृद्धाश्रमातच गेली, तर खोलीचा प्रश्नच उरणार नाही आणि आपण प्रकरण 'यशस्वी' म्हणून अहवालात चढवाल. तसे करू नये, ही दुसरी विनंती.

नम्रता अजून कशीबशी टिकवून असलेले,

(सही) वादी, घड्याळ दुरुस्तीवाला
(सही) प्रतिवादी, त्याची धाकटी बहीण

दिनांक : बाराव्या बैठकीच्या आदल्या दिवशीचा सोमवार
सोबत : उभयतांचे तडजोडपत्र (पाचवी प्रत), डॉक्टरांचा दाखला.