आतून उघडणारं दार

दि. ३ फेब्रुवारी

चि. टिल्लूभाऊजींना,
वहिनीचे अनेक आशीर्वाद.

अक्षर ओळखलंस ना? फाडायच्या आधी निदान पहिलं पान वाच. मी या घरात आले तेव्हा तू बारा वर्षांचा होतास. तुला अंघोळीला पिटाळलंय, तुझ्या शर्टांना बटणं लावलीत, गणितातले मार्क तुझ्या दादापासून लपवलेत. तो हक्क बावीस वर्षांच्या अबोल्यानं जात नाही. तू सहा फूट झालास, बासष्टचा झालास, तरी माझ्यासाठी टिल्लूच. दर वर्षी जहाजाचं चित्र असलेलं तुझं कार्ड येतं आणि मागे नुसतं ‘वहिनीला नमस्कार’. यंदाच्या कार्डावर पहिल्यांदा जमिनीवरचा पत्ता दिसला. म्हणजे नोकरी संपली म्हणायची. म्हणून हे धाडस.

काम आहे. येत्या मे महिन्यात आमच्या लग्नाला पन्नास वर्षं होतील. लेकीनं आणि जावयानं ठरवलंय, आम्हा दोघांना आठ दिवस जहाजावर पाठवायचं. मी म्हटलं, अगं, आम्हाला बागेपर्यंत जायचं तर वाटेत दोनदा बसावं लागतं. ती ऐकेल तर शपथ! ट्रॅव्हल कंपनीची दोन जाडजूड पुस्तकं टेबलावर आपटली आणि म्हणाली, ‘आई, हे प्रीमियम, हे लक्झरी. तू ठरव.’ मला काय कप्पाळ कळणार फरक! त्या कंपनीतल्या मुलीला फोनवर विचारलं, तर म्हणते, ‘एक्स्पीरियन्स वेगळा असतो, मॅडम.’ मग म्हटलं, जन्मभर जहाजावर चादरी घालणारा माणूस आपल्या घरात असताना या पोरीच्या तोंडाला कशाला लागू?

तर ऐक. मोठ्या जहाजावर तीन हजार माणसं, बारा मजले, नाटकाचं थिएटर, तीन पोहण्याचे तलाव. छोट्यावर चारशेच माणसं, पण प्रत्येकाला खोलीबरोबर बसायची वेगळी जागा, आणि उशांचा मेनू! टिल्लू, खोटं नाही, सात प्रकारच्या उशा. मोठ्यावर कोल्ड्रिंकसुद्धा वेगळं विकत घ्यायचं, छोट्यावर सगळं तिकिटातच. मला विचारशील तर एकात माणसं जास्त आणि एकात उशा जास्त, एवढाच फरक.

पण पुस्तकांत जे नाही तेच मला हवंय. खोलीचं दार किल्लीनं उघडतं की कार्डानं? आतून घट्ट लावून घेता येतं का? सगळ्या मजल्यांवरचे पॅसेज सारखेच दिसतात का? डेकचा कठडा माझ्या छातीपर्यंत येतो की कमरेपर्यंत? आणि एखादा माणूस चुकून दुसऱ्याच्या खोलीत गेला तर आरडाओरडा करतात की नीट आणून सोडतात?

हे बरे आहेत. कुलपांचं दुकान बंद करून तीन वर्षं झाली, पण हात अजून तस्सा आहे. कुठलंही कुलूप पुढ्यात ठेव, गाणं गुणगुणत उघडतात. तुझी रोज चौकशी करतात. तुला हे पटणार नाही, पण करतात.

उत्तर पाठव. शिव्या द्यायच्या असतील तर त्याही पाठव, पण जहाजांचं आधी लिही.

तुझी वहिनी


दि. १९ फेब्रुवारी

वहिनी, तुला नमस्कार.

पत्र फाडलं नाही. चार वेळा वाचलं.

आधी जहाजं. लोकांना वाटतं लक्झरी म्हणजे झुंबरं आणि संगमरवर. तसं काही नसतं. मी दोन्हीकडे काम केलंय. मोठ्या जहाजावर माझ्याकडे अठरा खोल्या होत्या आणि मला माणसं नंबरानं पाठ होती. ‘आठशे बाराला चष्म्याचं पुसणं हवं.’ छोट्यावर सहा खोल्या, आणि तिथे मला माहीत असायचं की या बाईंना चहा पांचट चालत नाही आणि त्या काकांचा डावा गुडघा दुखतो. फरक तेवढाच आहे. बाकी उशांच्या मेनूचं म्हणशील, तर सात प्रकार असतात आणि सगळे पहिलीच उशी मागतात.

मोठ्या जहाजाच्या बाजूनंही सांगतो. ते कमी हलतं, दवाखाना मोठा असतो, आणि ज्याला गर्दीत रमायचंय त्याची चंगळ. छोटं जहाज जरा लाट आली की डुलतं, पण लहान बंदरांत थेट आत जातं. मोठ्यावर कित्येक ठिकाणी लहान बोटीत उतरून किनाऱ्यावर जावं लागतं. तुमच्या वयाला ते दमवणारं आहे.

आता तुझे प्रश्न. दार कार्डानं उघडतं. आतून मात्र नुसता दांडा खाली केला की उघडतं, आणि ते अडवायची सोय कुठल्याच जहाजावर नसते. आग लागली तर माणूस आत अडकू नये म्हणून. कठडा छातीपर्यंत. मोठ्या जहाजावर पॅसेज इतके लांब आणि इतके सारखे असतात की तिसऱ्या दिवशीही माणसं चुकतात. मी कुणाकुणाच्या दाराला रंगीत रिबन बांधून द्यायचो. चुकलेल्या माणसाला नीट आणून सोडतात. मी स्वतः सोडलंय.

वहिनी, आयुष्यभर मी प्रवाशांचे प्रश्न ऐकत आलो. प्रवासी विचारतात, जेवण किती वाजता, वायफाय चालतं का, फोटो कुठे काढायचे. दार आतून लावता येतं का, हे प्रवासी विचारत नाहीत. ज्यांच्याबरोबर सांभाळायचं माणूस असतं ते विचारतात. दादाला काय झालंय?

आणि एक गोष्ट साफ सांगतो. सल्ला देईन, पण दादाशी बोलणार नाही. आईसाठी गरम सपाता घेऊन मी दारात उभा होतो. ती जाऊन दोन महिने झाले होते आणि मला पत्ता नव्हता. मी म्हणालो, मला पत्र मिळालंच नाही. तो म्हणाला, ‘वर खोटंही बोलतोस?’ सपाता हातात धरून परत गेलो. शेजारी खिडक्यांतून बघत होते. ते मी विसरलेलो नाही.

टिल्लू


दि. ९ मार्च

टिल्लू,

आशीर्वाद लिहिताना हात अडखळतोय. ते हवेत की नकोत ते पत्र संपल्यावर तूच ठरव.

बरोबर ओळखलंस. तू विसरला नाहीस, पण हे विसरलेत. भांडण विसरलेत, दुकान विसरलेत, लेकीला अधूनमधून माझी बहीण समजतात. सुरुवात गिऱ्हाइकांच्या किल्ल्यांची अदलाबदल होण्यापासून झाली. आम्ही हसलो होतो. डॉक्टरांनी नाव सांगितलं तेव्हा हसू बंद झालं.

दुकानाच्या जागी आता एक न्हावी आहे. एका सकाळी उठून बघते तर हे अंथरुणात नाहीत. यांनी जाऊन, वायरीच्या तुकड्यानं त्या न्हाव्याचं शटर उघडलं होतं आणि आत खुर्चीवर गिऱ्हाइकांची वाट बघत बसले होते! देवमाणूस तो न्हावी. ओरडला नाही, फुकट दाढी करून आणून सोडलं. त्यानंतर मी घराच्या दाराला तीन नवी कुलपं बसवून घेतली. उघडायला यांना चहा निवेपर्यंतचाही वेळ लागला नाही. वर मलाच विचारतात, ‘कुठल्या मठ्ठानं बसवलंय हे?’ पन्नास वर्षं कुलपांशी खेळलेल्या माणसाला मी कुठे आणि कशी कोंडू? म्हणून ते दाराचे प्रश्न.

आणि बाहेर कशासाठी जातात सांगू? ‘टिल्लू शाळेतून आला का बघतो.’ रोज. रोज रे! यांच्या डोक्यात तू बारा वर्षांचा आहेस आणि तुला उशीर झालाय. मी म्हणते, येईल, तुम्ही चहा घ्या. मग पानावर बसले की, ‘टिल्लू जेवला का?’

मला माहितेय, मी इथेच थांबले तर तू येशील. पण मग मी तुला दुसऱ्यांदा फसवलं असं होईल. म्हणून पुढचं लिहिते.

या पत्रासोबत एक जुनं पाकीट आहे. त्यावरचं अक्षर माझं आहे.

आठवतं, दर वर्षी तू जहाजाच्या बंदरांचा तक्ता पाठवायचास? कुठल्या तारखेला कुठलं बंदर, आणि पत्र कुठल्या एजंटाच्या पत्त्यावर टाकायचं. तो मी स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवायची. त्या वर्षी जुना तक्ता निघता निघेना, ओरबाडला असता तर कपाटाचा रंग गेला असता. म्हणून नवा तक्ता मी चमच्यांच्या ड्रॉवरमध्ये ठेवला. आईंनी अंथरूण धरलं, यांनी तुला पत्र लिहिलं, आणि पाकिटावर पत्ता घालायला माझ्याकडे दिलं, माझं अक्षर बरं म्हणून. मी घाईघाईत कपाट उघडलं आणि दारावरचा पत्ता उतरवला. जुना. रंगाचे चार टवके उडतील म्हणून, टिल्लू!

पंधरा दिवस उत्तर नाही, तेव्हा हे म्हणाले, कंपनीच्या ऑफिसात फोन करतो. मीच अडवलं. म्हटलं, पत्र पोचलंय, सुट्टी मिळाली की येईल.

तू सपाता घेऊन दारात आलास तेव्हा मलाही खरंच वाटत होतं की पत्र तुला मिळालं. तू गेल्यावर सहा आठवड्यांनी पाकीट परत आलं, चार शिक्के बसलेलं. मी ते शिवणाच्या डब्यात तळाशी घातलं. पहिल्या दिवशी सांगायचा धीर झाला नाही. मग उशीर झाला. मग इतका उशीर झाला की सांगायचीच लाज वाटायला लागली. तुझं कार्ड आलं की मी बाथरूममध्ये जाऊन रडायची आणि बाहेर येऊन कुकर लावायची. दोन भावांच्या मध्ये एक पाकीट बावीस वर्षं पडून होतं आणि त्यावर मी सुया-दोरे ठेवत होते.

पाकीट उघडलेलं नाही. आत काय आहे मला माहीत नाही. पत्र तुझं आहे.

तुझं उत्तर आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी यांना समोर बसवून सगळं सांगितलं. नीट ऐकलं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. म्हणाले, ‘म्हणजे पोरगं खरं बोलत होतं. मी त्याला दारातून घालवलं.’ मग माझ्याकडे नुसते बघत राहिले, आणि ती नजर मला मिळायलाच हवी होती. तासाभरानं उठले, चपला शोधायला लागले. ‘टिल्लू अजून आला नाही.’

मी रोज सांगायचं ठरवलंय. रोज सांगते. रोज ते रडतात. तेवढी शिक्षा मी भोगायला हवी.

जहाज कुठलं घ्यायचं ते आता तू सांगितलं नाहीस तरी चालेल. मला जहाज नको होतं. लेकीनं ती पुस्तकं आणली आणि तुला पत्र लिहायला मला एक निमित्त मिळालं, एवढंच. त्यांना तुझं नाव आठवतंय तोवर एकदा दिसून जा. माझ्याशी बोलू नकोस हवं तर.

अपराधी,
तुझी वहिनी


दि. २६ मार्च

वहिनी,

राग आला. खूप आला. पाकीट टेबलावर ठेवून तीन दिवस बाहेर जेवलो, घरात बसवेना. चौथ्या दिवशी उघडलं.

दादानं लिहिलंय, ‘आईचं काही खरं नाही. सुट्टी मिळाली तर ये. नाही मिळाली तर मनाला लावून घेऊ नकोस, मी आहे इथे. जेवणाची हेळसांड करू नकोस.’ एवढं शहाणं पत्र लिहिणारा माणूस दारात माझ्यावर तसा ओरडला! मी पण काय केलं? एकदा तोंड वर करून म्हणालो असतो, दाखव पोस्टाची पावती, शोधू कुठे गेलं ते. नाही म्हणालो. ताठ मानेनं निघून गेलो आणि बावीस वर्षं तुला कोरडी कार्डं पाठवत बसलो. तू एक पाकीट लपवलंस, मी बावीस कार्डांवर नमस्कारापलीकडे काही लिहिलं नाही. तुझं चुकलं, मोठं चुकलं. पण सगळं ओझं एकटीच्या डोक्यावर घेऊ नकोस.

एक काम ताबडतोब कर. त्याला रोज सांगणं बंद कर. तुला शिक्षा म्हणून तू त्याला रोज नव्यानं रडवतेस, हे लक्षात येतंय का? त्यानं एकदा ऐकलं, मला पोचलं. आता तो पुन्हा विचारेल तेव्हा नुसतं सांग, टिल्लू निघालाय.

कारण निघालोय. चार तारखेला सकाळी पोचतो. सपाता अजून आहेत, दादाला होतात का बघू.

आणि जहाज घ्यायचंच. छोटं घे. हललं तर हललं. बाल्कनी नसलेली, खिडकीची खोली माग, जिन्यापासून लांबची. तिच्या बरोबर समोरची एक खोली माझ्यासाठी सांग. तिकडचे दोन जण माझ्या हाताखाली शिकलेत, दोन दिवसांत दादाचं नाव आणि त्याचा चहा त्यांना पाठ होईल. दाराला लाल रिबन मी बांधतो.

कुलपांचं डोक्यातून काढून टाक. दादाला दार उघडू दे, हवं तेव्हा उघडू दे. तो ज्याला शोधायला बाहेर पडतो, तो समोरच स्टूल टाकून बसलेला असेल.

जेवायला माझं पान वाढून ठेव.

शाळेतून यायला जरा उशीर झालेला,
तुझा टिल्लू